वर आकाश, भाड्याचं!

एक साधा प्रश्न. ऑफिसमधून घरी येता, बॅग भिरकावता, सोफ्यावर आडवं होऊन रिमोट दाबता. मॅच लागते. ही मॅच ज्या सॅटेलाइटवरून तुमच्या गच्चीवरच्या छत्रीत उतरते, त्याचा मालक कोण?

आमच्या ग्रुपमध्ये विचारून पाहिलं. एचआरवाली म्हणाली, 'अर्थात डीटीएच कंपनी! नाहीतर दर महिन्याला पैसे कशाचे घेतात?' बँकेतला म्हणाला, 'इस्रो.' तिसरा म्हणाला, 'टीव्ही कोण बघतं यार आता?' गंमत म्हणजे या तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात महाग आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

खरी गोष्ट अशी, की आपल्याकडच्या एकाही डीटीएच कंपनीकडे स्वतःचा सॅटेलाइट नाही. टाटा प्ले, डिश टीव्ही, एअरटेल, सन डायरेक्ट... जाहिरातीत सगळ्यांचं आकाश, पण राहतात सगळे भाड्याने. सॅटेलाइट ही बिल्डिंग समजा. तिच्यातला एकेक फ्लॅट म्हणजे ट्रान्सपाँडर. जमिनीवरून आलेला सिग्नल घ्यायचा, त्याची फ्रिक्वेन्सी बदलायची, ताकद वाढवायची आणि खाली फेकायचा, एवढंच त्याचं काम. जुन्या एमपेग-२ पद्धतीत एका फ्लॅटमध्ये पंधरा-वीस चॅनेल दाटीवाटीने राहायचे. एमपेग-४ आलं आणि तेवढ्याच जागेत साधारण दुप्पट मावू लागले. मुंबईची चाळच म्हणा ना!

मग या कंपन्यांच्या मालकीचं असतं तरी काय? तुमच्या टीव्हीखालचा तो काळा डबा! बऱ्याच स्कीममध्ये सेट टॉप बॉक्स कागदोपत्री कंपनीचाच राहतो. फॉर्मच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात तसं छापलेलं असतं. छत्तीस हजार किलोमीटरवरची वस्तू भाड्याची आणि तुमच्या हॉलमधली त्यांची!

मी या भानगडीत पडले ती पप्पांमुळे.

पप्पा एरंडोलला असतात. जळगाव-धुळे रस्त्यावरचं, अंजनी नदीकाठचं आमचं गाव. पुण्यात नाव सांगितलं की 'कुठे आलं?' असा चेहरा होतो, पद्मालयाचा गणपती म्हटलं की एखादा मान डोलावतो. १९९४च्या आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात हा सण दिवाळीच्या तोडीचा) पप्पांनी तिथे केबल सुरू केली. पतपेढीचं कर्ज काढून बारा फुटी जाळीची डिश, रिसिव्हर, मॉड्युलेटर असं ४५ हजारांचं सामान आणलं आणि भाड्याच्या दुकानाच्या गच्चीवर चढवलं. माझा तेव्हा जन्मही व्हायचा होता. पुढे केबल आटली, तेव्हा त्यांनी एका डीटीएच कंपनीची डीलरशिप घेतली. आता तीही आटलीय. माळ्यावर लोकांनी आणून टाकलेले सेट टॉप बॉक्स पडलेत, मी मोजले, बेचाळीस आहेत. कुणी फ्री डिश लावली, कुणी नुसत्या मोबाइलवर आलं. डबे कंपनीचे, पण न्यायला कुणी येत नाही.

यंदा एका फायबर कंपनीचा माणूस पप्पांकडे आला. 'काका, गावात तुम्हालाच सगळे ओळखतात. इंटरनेटची फ्रँचायझी घ्या.' करारात मेख एकच होती. साडेतीन लाखांची मशिनरी पप्पांनी स्वतः विकत घ्यायची. त्याच महिन्यात दुकानमालकाच्या मुलानेही सांगितलं की जागा पाडून गाळे काढायचेत, गच्चीवरची डिश उतरवा. पप्पा बासष्ट वर्षांचे. त्यांच्या एफडीत किती आहे, ते मला माहीत आहे. साडेतीन लाख म्हणजे तिच्यातला मोठा घास. त्यांनी फोनवर विचारलं, 'तू पेपरात लिहिते ना? मग सांग, मशीन आपलं घ्यावं का त्यांचं?'

मी मास कॉमवाली. बॅलन्स शीटशी माझं नातं अकरावीत संपलं. पण एक करता येत होतं. ज्यांचा धंदाच 'विकत घेऊ की भाड्याने' या प्रश्नावर उभा आहे, त्यांनी काय केलं ते वाचायचं. म्हणून सॅटेलाइट टीव्ही कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडून बसले. विश्वास ठेवा, काही पानं वेब सिरीजपेक्षा भारी आहेत.

पहिला फंडा घसाऱ्याचा. इंग्रजीत डेप्रिसिएशन. समजा, एखाद्या कंपनीने सॅटेलाइट बनवला, रॉकेटचं भाडं दिलं, उड्डाणाचा विमा काढला. सगळं मिळून १५०० कोटी झाले असं धरू. हा सगळा खर्च त्या सॅटेलाइटची किंमत म्हणून वहीत चढतो. आयुष्य पंधरा वर्षं धरलं तर दरवर्षी १०० कोटी नफ्यातून वजा. खिशातून त्या वर्षी दमडी गेलेली नसते, पैसे आधीच गेलेत. वहीवर फक्त वस्तू म्हातारी होत जाते.

आता प्रश्न, आयुष्य पंधराच का? आकाशात ना गंज, ना धूळ, ना आमच्या एरंडोलचा मे महिना. तर सॅटेलाइट सहसा मरतो तो पेट्रोल संपून! विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्या वेगाने फिरतो, म्हणून खालून एका जागी थांबल्यासारखा दिसतो. पण चंद्र-सूर्य त्याला सतत ओढत असतात. जागेवर राहायचं तर अधूनमधून छोटी इंजिनं पेटवून स्वतःला सावरावं लागतं. टाकी संपत आली की शेवटच्या थेंबांवर त्याला आणखी तीनशे-एक किलोमीटर वर ढकलायचं आणि बंद करायचं. तिथे सॅटेलाइटची स्मशानभूमी आहे.

आपल्या इन्सॅट-४बीचं असंच झालं. मार्च २००७मध्ये उडाला, आयुष्य बारा वर्षांचं ठरलेलं, पण चौदा वर्षांहून जास्त टिकला. जानेवारी २०२२मध्ये इस्रोने त्याला टप्प्याटप्प्याने कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेऊन कायमचा बंद केला. याच्या उलट नशीब इन्सॅट-१ए चं. तो १० एप्रिल १९८२ला उडाला आणि त्याच सप्टेंबरमध्ये इंधन संपून गेला. कॅल्क्युलेटर काढून ठेवण्याआधीच घसारा पूर्ण!

आपला कायदा या बाबतीत भलताच आशावादी आहे. कंपनी कायदा २०१३च्या दुसऱ्या परिशिष्टात कुठली वस्तू किती वर्षं टिकते याची यादी आहे. त्यात सॅटेलाइटपुढे लिहिलंय, १८ वर्षं. इस्रो स्वतः आपल्या सॅटेलाइटचं आयुष्य बारा ते पंधरा सांगते. (वेगळा आकडा धरता येतो, पण कारण द्यावं लागतं.) शिवाय शेवटी उरणारी भंगार किंमत मूळ किमतीच्या साधारण पाच टक्क्यांपर्यंत धरायची मुभा आहे. छत्तीस हजार किलोमीटरवर भंगारवाला हातगाडी घेऊन जाणार कसा, ते कायदा सांगत नाही.

पण थांबा, भंगारवाला एकदा खरंच गेला होता. ही गोष्ट मी पप्पांना सांगितली तेव्हा ते खुर्चीतून पुढे सरकले, कारण ती त्यांच्याच डिशची गोष्ट आहे.

पप्पांची बारा फुटी डिश ज्या सॅटेलाइटकडे बघायची तो एशियासॅट-१. झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ला सुरू झाला तो याच्यावरच, आणि तोही भाड्याच्या ट्रान्सपाँडरवर. स्टारचे चॅनेलही तिथेच. म्हणजे नव्वदच्या दशकात अर्ध्या आशियाची करमणूक या एका डब्यातून होत होती. आणि तो डबा चक्क सेकंडहँड होता! त्याचं पहिलं नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून त्याला सोडलं, पण पुढची मोटर नीट पेटली नाही आणि तो चुकीच्या कक्षेत लटकला. त्याच फेरीत इंडोनेशियाचा पलापा-बी२सुद्धा तसाच अडकला. विमा कंपन्यांनी पैसे भरले आणि सॅटेलाइट त्यांच्या मालकीचा झाला. अपघातातली गाडी टोटल लॉसमध्ये जाते, तसा. मग नोव्हेंबर १९८४मध्ये डिस्कव्हरी यानातले अंतराळवीर गेले आणि दोन्ही सॅटेलाइट अक्षरशः हातांनी पकडून खाली घेऊन आले. डागडुजी झाली, हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीने वेस्टार घेतला, आणि एप्रिल १९९०मध्ये चीनच्या लाँग मार्च रॉकेटवरून तो पुन्हा उडाला. नाव नवीन, नशीब नवीन.

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'म्हणजे मी भंगारवरच धंदा उभा केला.' आणि मोठ्याने हसले.

डीटीएचच्या जमान्यात आकाशातला मुख्य घरमालक इस्रो झाला. २००१मध्ये केंद्राने डीटीएचची नियमावली काढली. एन्ट्री फी दहा कोटी, आणि सॅटेलाइट शक्यतो भारतीय. परदेशी घ्यायचाच तर इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स मध्ये बसणार. डिसेंबर २००५मध्ये इन्सॅट-४ए उडाला, त्याचे बारा केयू-बँड ट्रान्सपाँडर घेऊन टाटा स्काय ऑगस्ट २००६मध्ये सुरू झालं. या दोन तारखांच्या मध्ये एक तिसरी आहे. १० जुलै २००६. आणखी बारा केयू-बँड ट्रान्सपाँडर घेऊन निघालेला इन्सॅट-४सी श्रीहरिकोट्याहून उडाला आणि मिनिटभरात रॉकेटसकट गेला. ज्यांनी त्या फ्लॅटमध्ये राहायचं ठरवलं होतं त्यांची बिल्डिंगच पडली. पण नुकसान वहीत आलं ते मालकाच्या. भाडेकरूला फक्त दुसरं घर शोधावं लागतं. भाड्याने राहण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा!

दुसरं घर शोधणं सोपं नव्हतं. इस्रोकडे पुरेशा वेगाने नवीन बिल्डिंगा उभ्या राहात नव्हत्या आणि डीटीएच कंपन्यांना चॅनेल वाढवायचे होते. त्या परदेशी मालकांकडे गेल्या. डिश टीव्ही लक्झेंबर्गच्या एसईएस समूहाकडे ९५ अंशांवर, एअरटेल त्याच समूहाच्या १०८.२ अंशांवरच्या सॅटेलाइटवर, व्हिडिओकॉन डीटूएच सिंगापूर-तैवानच्या ८८ अंशांवर. यावरून २०१४मध्ये कॅगने अंतराळ विभागावर ताशेरेही ओढले. परदेशी भाडं शेवटी डॉलरशी बांधलेलं. रुपया घसरला की मागणी न करता भाडंवाढ! स्वतःचा सॅटेलाइट असावा असं कुणालाच वाटलं नाही का? वाटलं ना. एस्सेल समूहाचा 'अग्रणी' नावाचा प्रकल्प नव्वदच्या दशकात बराच गाजला, पण सॅटेलाइट काही उडाला नाही.

यात एक गोष्ट अशी आहे जी अहवालात आकड्यात येत नाही. ती पप्पांनी मला गल्लीत फिरवून दाखवली. आमच्या गावात कुठली छत्री कुठल्या कंपनीची, हे त्यांना नाव न वाचता कळतं. नुसत्या दिशेवरून! दक्षिणेकडे तोंड आणि पूर्वेला जरासा कल, ती ८३ अंशांवर बघते, म्हणजे टाटा. बरोबर आग्नेयेला तोंड, ती फ्री डिश नाहीतर डिश टीव्ही. त्याहून आणखी पूर्वेला वळलेली, एअरटेल. त्यांची जुनी बारा फुटीही जवळपास तिकडेच बघते, कारण एशियासॅट १०५.५ अंशांवर होता. भर उन्हात टोपी सावरत पप्पा एकेक छत्रीकडे बोट दाखवत होते, समोरचे काका ओट्यावरून ओरडले, 'काय करी ऱ्हायनात रे बापलेक?'

आता विचार करा. कंपनीने सॅटेलाइट बदलला आणि नवा दुसऱ्या अंशावर असला, तर या सगळ्या छत्र्या फिरवाव्या लागणार. गावागावात, गच्चीगच्चीवर, शिडी लावून. ७ जुलै २०१०ला इन्सॅट-४बीच्या सौर पॅनलच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. सन डायरेक्टला मलेशियाच्या मेसॅट-३वर जावं लागलं, ९३.५ वरून ९१.५ अंशांवर. फक्त दोन अंश! पण दोन अंशांसाठी सुद्धा छत्री हलवायला माणूस पाठवावा लागतो. म्हणजे कागदावर भाडेकरू मोकळा, प्रत्यक्षात त्याचे पाय लाखो गच्च्यांना बांधलेले. माझ्या मते या धंद्यातलं खरं भांडवल ना सॅटेलाइट, ना डबा. खरं भांडवल म्हणजे त्या छत्र्यांची दिशा. आणि ती ठरवली कुणी? पप्पांसारख्या माणसांनी, दोनशे-तीनशे रुपये इन्स्टॉलेशनवर.

टाटांनी हे नीट ओळखलेलं दिसतं. इन्सॅट-४ए, मग सप्टेंबर २०१२मध्ये उडालेला जीसॅट-१०, मग जून २०२२मधला जीसॅट-२४. तिन्ही त्याच ८३ अंशांवर. प्लॉट तोच, बिल्डिंग नवीन, छत्री जागची हलायला नको! जीसॅट-२४ची गोष्ट आणखी मजेची आहे. इस्रोच्या नव्या व्यापारी कंपनीने, न्यूस्पेस इंडियाने, हा सॅटेलाइट आधी ग्राहक पक्का करून मगच बनवला. २४ केयू-बँड ट्रान्सपाँडर, पंधरा वर्षांचं आयुष्य, आणि पूर्ण क्षमता एकट्या टाटा प्लेला. सगळी बिल्डिंग एका भाडेकरूला, पण सातबारा मालकाच्या नावावर. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशात आधीपासून असलेले दहा दूरसंचार सॅटेलाइटही सरकारकडून या कंपनीकडे द्यायचं ठरवलं आणि तिचं अधिकृत भांडवल १००० कोटींवरून ७५०० कोटी केलं. म्हणजे बिल्डिंगांसोबत त्यांचा घसाराही तिच्या वहीत आला.

भाड्याची नोंद कशी होते, हेही मध्यंतरी बदललं. पूर्वी भाडं म्हणजे नुसता त्या वर्षाचा खर्च. भरला, विसरला. १ एप्रिल २०१९पासून मोठ्या कंपन्यांना नवा हिशेबी नियम लागू झाला, इंड एएस ११६. एखादी ठरावीक वस्तू ठरावीक काळ तुमच्याच ताब्यात असेल, तर ती भाड्याची असली तरी तिच्या वापराचा हक्क मालमत्ता म्हणून दाखवायचा, पुढची सगळी भाडी कर्ज म्हणून दाखवायची, आणि त्या हक्कावर घसाराही काढायचा. आपण पाच वर्षांचा भाडेकरार केला तर तो गृहकर्जासारखा दाखवायचा, असंच काहीसं! मग प्रश्न येतो, ट्रान्सपाँडर 'ठरावीक वस्तू' आहे का? मालक मनात येईल तेव्हा हाच नाही, शेजारचा देऊ शकत असेल, तर ती वस्तू नाही, नुसती सेवा. सीए लोक यावर तासन्‌तास भांडू शकतात. मी एकाशी पंधरा मिनिटं बोलले आणि चहा मागवला.

आता मालक होऊन बसलेल्यांचं काय झालं ते पाहू. अमेरिकेत डायरेक्टीव्हीकडे स्वतःच्या सॅटेलाइटचा ताफा. तिथल्याच डिश नेटवर्ककडे (आपल्या डिश टीव्हीशी काही संबंध नाही) काही मालकीचे, काही भाड्याचे. त्यांच्या जुन्या अहवालांत एक तक्ता असायचा, सॅटेलाइटगणिक एक ओळ. कधी उडाला, कुठल्या अंशावर आहे, मालकीचा असेल तर आयुष्य किती वर्षं धरलंय, भाड्याचा असेल तर करार कधी संपतो. एखाद्या घरातल्या माणसांची यादी वाचावी तसं वाटतं. आणि त्याखाली शांतपणे लिहिलेलं, की मालकीच्या सॅटेलाइटचा आम्ही विमा उतरवत नाही. बिघडला तर सगळा खड्डा स्वतःच्या वहीत.

पण मालकांना खड्ड्यात घातलं ते बिघाडाने नाही. आमच्या ग्रुपमधला तो तिसरा आठवतोय? 'टीव्ही कोण बघतं यार आता?' त्याने! एटीअँडटीने २०१५मध्ये डायरेक्टीव्ही घेतली ती सुमारे ४९ अब्ज डॉलरला, कर्ज वेगळं. नोव्हेंबर २०१८मध्ये त्यांनीच जाहीर केलं, की आम्ही आता नवीन सॅटेलाइट सोडणार नाही. २०२०च्या शेवटी व्हिडिओच्या धंद्यापोटी साडेपंधरा अब्ज डॉलर एका फटक्यात पुस्तकातून उडवले, आणि २०२१मध्ये भागीदार घेतला तेव्हा सगळ्या धंद्याची किंमत धरली सव्वासोळा अब्ज. सॅटेलाइट वर ठणठणीत होते, टाकीत इंधन होतं, सिग्नल सुरेख येत होता. फक्त खाली माणसं नव्हती. घसाऱ्याच्या कोष्टकात याला रकानाच नाही. लोक किती वर्षं बघतील, हे कुठलंच परिशिष्ट सांगत नाही.

आपल्याकडेही वारं तेच. ट्रायच्या आकड्यांत २०२० संपताना डीटीएचचे चालू ग्राहक सुमारे सात कोटी होते, मार्च २०२५पर्यंत ते पाच कोटी सत्तर लाखांच्या आत आले. पप्पांच्या माळ्यावरचे बेचाळीस डबे त्या फरकातलेच.

एप्रिलात चार दिवस एरंडोलला गेले. सकाळी सातलाच गच्ची तापलेली. पप्पांनी जुन्या वह्या काढल्या. आयकराच्या हिशेबात सगळी यंत्रं एका गठ्ठ्यात असतात आणि घसारा उरलेल्या रकमेवर निघतो, म्हणून किंमत कधीच पूर्ण शून्य होत नाही. मी गंमत म्हणून त्या पहिल्या ४५ हजारांच्या सामानाचाच हिशेब वेगळा केला. २००४-०५पर्यंत दरवर्षी पंचवीस टक्के, पुढे पंधरा टक्के. मार्च २०२५अखेर उत्तर आलं, ७४ रुपये. नुसत्या डिशचे आणि तिच्या लोखंडी पोलचे भंगारवाला चार हजार द्यायला तयार होता.

'म्हणजे सरकार म्हणतं चौऱ्याहत्तर?' पप्पा.

'वही म्हणते, पप्पा. सरकारचा काही संबंध नाही.'

'आणि तिनं जे कमावून दिलं ते कुठे लिहिलंय?'

ते माझ्या कॉलेजच्या फीच्या पावत्यांवर लिहिलं होतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं, म्हणून कुणी बोललं नाही.

मग फायबरचा करार समोर ठेवला. मी विचारलं, मशीन किती वर्षं टिकतं? कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं, सात-आठ. करार किती वर्षांचा? तीन. म्हणजे तीन वर्षांनी कंपनीने दुसरा माणूस धरला तर साडेतीन लाखांचं अर्धंअधिक न झिजलेलं यंत्र पप्पांच्या गळ्यात, आणि ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं असेलच असं नाही. सॅटेलाइट निदान त्याच अंशावरच्या दुसऱ्या भाडेकरूला देता येतो. शिवाय कोष्टकात नसलेला तो रकाना! आज फायबर, उद्या आणखी काही थेट आकाशातून आलं तर? मी म्हटलं, 'पप्पा, माणसं तुमची आहेत, गल्ल्या तुमच्या आहेत. मशीन त्यांचं असू दे.'

त्यांना पटायला दोन दिवस लागले. 'आपलं ते आपलं' हे त्यांच्या हाडात आहे, आणि तेही एकतीस वर्षं भाड्याच्या गच्चीवर डिश ठेवून! माझ्याच वयाची पुण्यातली मंडळी वीस वर्षांच्या ईएमआयवर वन बीएचके घेतायत, त्यावरून आमचं आधी कडाक्याचं वाजलेलं. 'फ्लॅट घेऊ नको म्हणते, मशीन घेऊ नको म्हणते. तुमच्या पिढीला काही आपलं नकोच का?' मी सांगितलं, हवंय, पण त्याच्या आयुष्याची वर्षं आधी कळू द्या. जमीन झिजत नाही, म्हणून तिला घसारा नसतो. मशीनचं तसं नाही. यावर त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला, म्हणजे मुद्दा पोहोचला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कंपनीच्या माणसाला फोन लावला. घासाघीस मी शेजारी बसून ऐकली. केबलच्या दिवसांत वसुली केलेला माणूस तो, त्याला मी काय शिकवणार? शेवटी ठरलं असं. यंत्र कंपनीचं, देखभाल पप्पांची, कमिशन आधी सांगितलं होतं त्यापेक्षा सहा टक्क्यांनी कमी, मुदत तीनच वर्षं. जागेचं भाडं मात्र कंपनीने अर्धं द्यायचं, हे कलम पप्पांनी स्वतःच्या अक्षरात समासात घालून घेतलं. यंत्राला हवा तो एसी कुणाचा, यावर अजून बोलणी चालू आहेत. बाजारपेठेतला एक छोटा गाळा बघून झालाय.

डिश उतरवायला चार माणसं लागली. दुकानमालकाचा मुलगा खालून बघत होता, म्हणाला, 'काका, एवढी मोठी? आम्हाला वाटायचं टाकी आहे.' पप्पांनी त्याला एशियासॅटची गोष्ट सांगायला घेतली, अंतराळवीरांनी हातांनी पकडून आणला तिथपर्यंत. पोरगं ऐकत उभं राहिलं. भंगारवाल्याने तोवर काटा लावला होता, आणि पोलचं लोखंड वेगळं मोजायचं की जाळीबरोबर, यावरून पप्पांचा त्याच्याशी नवा वाद सुरू झाला.